अडथळ्यांची शर्यत

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात सोनई नावाचे एक मोठे गाव आहे. मुळा धरणाच्या कालव्याचे पाणी या परिसरात खेळते. त्यामुळे येथे उसाचे मळे डोलतात आणि गावाजवळ सहकारी साखर कारखानाही उभा आहे. गळिताचा हंगाम सुरू झाला, की बीड जिल्ह्यातून ऊसतोडणी करणाऱ्यांच्या टोळ्या बायकामुलांसह या बाजूस येतात. ज्या मुलखातून ही कष्टाळू माणसे येतात, तो मुलूख बहुतांशी पावसाच्या लहरीवर जगणारा आहे. त्याच मुलखात, अहिल्यानगर जिल्ह्याच्या शिवेला लागून असलेल्या आष्टी तालुक्यात, मांडवा हे लहानसे गाव आहे.

सोनईहून शनिशिंगणापूर सुमारे पाच-सहा किलोमीटर दूर आहे. पाठीवर दप्तर घेऊन एवढी वाट रोज पायी जायची आणि तेवढीच परत यायची, अशी कल्पना करा. मांडव्यातील एक मुलगा हे रोज करीत असे. त्याच्या घरापासून शाळा सुमारे सहा किलोमीटर होती आणि वाटेत वाहनाची सोय नव्हती. कधी चालत, तर कधी पळत तो ती वाट काटी. त्याचे आईवडील शेतकरी होते; शेतीवर भागत नसे म्हणून ते वीटभट्टीवरही राबत. पुढे आपण धावपटू व्हावे, असा विचार त्या मुलाच्या स्वप्नातही नव्हता. शाळा गाठणे, एवढाच त्याच्या धावण्याचा हेतू होता. या मुलाचे नाव अविनाश साबळे. त्याचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ रोजी झाला.

बारावीचे शिक्षण संपताच घराला आधार द्यावा म्हणून अविनाश भारतीय सैन्यात शिपाई झाला. महार रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत त्याची नेमणूक झाली. २०१३-१४ च्या सुमारास तो सियाचिनच्या हिमप्रदेशात होता. तेथे पाणी क्षणात गोठते आणि विरळ हवेत चार पावले टाकतानाही धाप लागते. त्यानंतर त्याने राजस्थानच्या वाळवंटातील ऊन सोसले आणि सिक्कीमच्या डोंगरात पहारा केला. हिवाळा असो की उन्हाळा, नेमून दिलेले काम चोख करावयाचे, हा सैनिकाचा धर्म त्याच्या अंगी मुरला. पुढे शर्यतीच्या मैदानावर हीच शिकवण त्याच्या उपयोगी पडली.

सैन्यात खेळांना मोठे उत्तेजन मिळते. २०१५ साली अविनाशने पलटणीतर्फे क्रॉस-कंट्री शर्यतीत भाग घेतला. क्रॉस-कंट्री म्हणजे रानावनातून, चढउतारांवरून लांब पल्ला धावण्याची शर्यत. त्या शर्यतीत त्याची चिकाटी दिसून आली. मध्यंतरी दुखापतीमुळे त्याचे धावणे थांबले आणि वजन फार वाढले. दुसरा एखादा हताश होऊन बसला असता. अविनाशने मात्र अवघ्या तीन महिन्यांत सुमारे वीस किलो वजन उतरविले आणि तो पुन्हा धावू लागला. सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांची नजर त्याच्यावर पडली. ‘तू स्टीपलचेसकडे वळ,’ असा सल्ला त्यांनी त्याला दिला. येथून त्याच्या आयुष्याला वेगळे वळण लागले.

स्टीपलचेस म्हणजे काय, हे आता आपण पाहू. ‘स्टीपल’ म्हणजे चर्चचा उंच, निमुळता मनोरा. फार पूर्वी आयर्लंड व इंग्लंड या देशांत घोडेस्वार एका गावच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत शर्यत लावीत. मनोरा दुरून दिसे, म्हणून त्याच्या रोखाने सरळ जावयाचे आणि वाटेत कुंपण आले, ओढा आला, तर घोड्याने तो उडी मारून ओलांडावयाचा, अशी ती रीत होती. पुढे माणसेही अशीच शर्यत पायी धावू लागली. शर्यत मैदानावर आली, तेव्हा कुंपणाच्या जागी लाकडी अडथळे आले आणि ओढ्याच्या जागी पाण्याचा खड्डा आला. १९२० सालापासून ऑलिंपिक स्पर्धेत ही शर्यत ३००० मीटर अंतराची आहे.

या शर्यतीत धावपटूला २८ वेळा अडथळा ओलांडावा लागतो आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा पार करावा लागतो. म्हणजे एकूण ३५ उड्या! पुरुषांच्या शर्यतीतील अडथळा तीन फूट उंच असतो. लहान पल्ल्याच्या अडथळा-शर्यतीतील अडथळे हलके असतात, पाय लागला की ते कलंडतात. स्टीपलचेसचा अडथळा तसा नसतो. तो जड व भक्कम असतो. पाय अडकला, तर अडथळा जागचा हलत नाही, धावपटूच कोसळतो. पाण्याच्या अडथळ्यापाशी बहुतेक धावपटू आडव्या फळीवर एक पाऊल टेकतात आणि तेथून पुढे झेप घेतात. खड्डा सुमारे बारा फूट लांबीचा असतो. फळीजवळ तो खोल असतो आणि पुढे उथळ होत जातो. ज्याची झेप लांब, त्याचे पाऊल उथळ पाण्यात पडते. ज्याची झेप आखूड, तो खोल पाण्यात उतरतो आणि त्याचा वेग मोडतो. बूट भिजतात, पाय जड होतात, छाती भरून येते. तरी पुढचा अडथळा समोर उभाच असतो. शिवाय आजूबाजूला दहा-पंधरा धावपटू खांद्याला खांदा लावून पळत असतात. म्हणून या शर्यतीत नुसता वेग पुरत नाही. पावलांचा अंदाज, शरीराचा तोल आणि शेवटपर्यंत टिकणारा दम, या तिन्ही गोष्टी लागतात.

भारतात या शर्यतीचा विक्रम गोपाल सैनी यांच्या नावावर होता. त्यांनी १९८१ साली टोकियो येथे ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांत हे अंतर तोडले होते. अविनाशच्या जन्मापूर्वी तेरा वर्षे झालेला हा विक्रम पुढेही अनेक वर्षे कोणाला मोडता आला नाही. २०१८ साली अविनाशला दुखापत झाली आणि त्या वर्षीच्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्याला भारताकडून उतरता आले नाही. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात भुवनेश्वर येथील राष्ट्रीय स्पर्धेत तो धावला. ८ मिनिटे २९.८० सेकंद! सदतीस वर्षांचा विक्रम मोडला गेला.

विक्रम मोडल्यावर पुष्कळांना वाटते, की आता शिखर गाठले. अविनाशला तसे वाटले नाही. पुढच्या मार्च महिन्यात पतियाळा येथे त्याने आपलाच विक्रम मोडला. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कतार देशातील दोहा येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. प्राथमिक फेरीत इतर धावपटूंमुळे त्याची वाट दोनदा अडली, तरी त्याने ८ मिनिटे २५.२३ सेकंदांत शर्यत पुरी केली. प्रथम तो अंतिम फेरीसाठी अपात्र ठरला होता. भारतीय संघाने तक्रार केली, पंचांनी ती मान्य केली आणि अविनाशला अंतिम फेरीत घेण्यात आले. मिळालेल्या संधीचे त्याने चीज केले. अंतिम फेरीत तो तेरावा आला खरा, पण त्याची वेळ होती ८ मिनिटे २१.३७ सेकंद. या वेळेमुळे तो टोकियो ऑलिंपिकसाठी पात्र ठरला. १९५२ साली गुलझारा सिंग मान हे हेलसिंकी येथे धावले होते; त्यानंतर पुरुषांच्या या शर्यतीत ऑलिंपिकला जाणारा अविनाश हा पहिलाच भारतीय होय.

टोकियोचे ऑलिंपिक करोनाच्या साथीमुळे एक वर्ष लांबून २०२१ साली झाले. प्राथमिक फेरीत अविनाशने ८ मिनिटे १८.१२ सेकंद अशी वेळ दिली. हा भारताचा नवा विक्रम होता. परंतु तो आपल्या गटात सातवा आला आणि अंतिम फेरीत त्याला प्रवेश मिळाला नाही. जे धावपटू प्राथमिक फेरीतच बाद झाले, त्या सर्वांत त्याचीच वेळ उत्तम होती. विक्रम आणि निराशा एकाच दिवशी पदरी पडावी, असा हा प्रसंग!

या शर्यतीत अनेक वर्षे पूर्व आफ्रिकेतील केनिया देशाचे वर्चस्व होते. १९६८ पासून २०१६ पर्यंत ज्या ज्या ऑलिंपिकमध्ये केनियाने भाग घेतला, त्या प्रत्येक वेळी पुरुषांच्या स्टीपलचेसचे सुवर्णपदक केनियानेच जिंकले. केनियाचे बरेच धावपटू उंच पठारावर वाढतात. अशा ठिकाणी हवा विरळ असते, म्हणून प्राणवायू वाहून नेणाऱ्या रक्तातील तांबड्या पेशी वाढतात आणि दम टिकतो. अविनाशही २०२२ साली अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज या उंचावरील शहरी जाऊन प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्या हाताखाली सराव करू लागला. त्याच वर्षी त्याने ५००० मीटर धावण्याचा, १९९२ पासून बहादूर प्रसाद यांच्या नावे असलेला राष्ट्रीय विक्रमही मोडला.

जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतील यूजीन येथे जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी झाली. ती शर्यत संथ गतीने चालली. कोणीच आघाडी घेईना. सारे एकमेकांकडे पाहत धावत राहिले आणि अखेरच्या फेरीत ज्यांच्या पायांत वेगाचा मोठा साठा होता, ते पुढे निघून गेले. अविनाश अकरावा आला. वेळ ८ मिनिटे ३१.७५ सेकंद, म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या भुवनेश्वरच्या वेळेहूनही अधिक. दुसऱ्यांच्या चालीने धावलो, तर आपली ताकद वाया जाते, असा धडा त्या शर्यतीत होता.

तीनच आठवड्यांनी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा भरल्या. १९९८ पासून सलग सहा स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती. ६ ऑगस्ट २०२२ रोजी शर्यत सुरू झाली. अखेरच्या फेरीपर्यंत अविनाश केनियाच्या धावपटूंच्या पाठीशी चिकटून राहिला. शेवटचा अडथळा ओलांडल्यावर तो अब्राहम किबिवोट याच्या अगदी जवळ पोचला आणि दोघेही जीव तोडून धावले. किबिवोटची वेळ ८ मिनिटे ११.१५ सेकंद आणि अविनाशची ८ मिनिटे ११.२० सेकंद! एका सेकंदाचे शंभर भाग केले, तर त्यांतील पाच भागांनी सुवर्णपदक हुकले. शर्यतीतील सरासरी वेगाने हिशेब केला, तर हे अंतर जेमतेम एक फूट भरते. तीन हजार मीटर धावून एका फुटाचा फरक! तरीही अविनाशच्या रौप्यपदकाचे मोल मोठे होते. चोवीस वर्षांची केनियाची भिंत त्याने भेदली होती. त्याच वर्षी भारत सरकारने त्याला अर्जुन पुरस्कार देऊन गौरविले.

यानंतर सारे सुरळीत झाले असते, तर ही एखादी परीकथा ठरली असती. पण खेळात तसे घडत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्ट येथील जागतिक स्पर्धेत अविनाश प्राथमिक फेरीतच बाद झाला. सहा आठवड्यांनी, १ ऑक्टोबर २०२३ रोजी, चीनमधील हांगझोऊ येथे तो आशियाई क्रीडास्पर्धेत उतरला. या वेळी त्याने कोणाची वाट पाहिली नाही. सुरुवातीसच आघाडी घेऊन तो आपल्या चालीने धावत राहिला. मागचे धावपटू दूर दूर पडत गेले. शेवटी शेवटी तर वळून पाहण्याइतकी सवड त्याला मिळाली. ८ मिनिटे १९.५० सेकंदांत त्याने सुवर्णपदक जिंकले व स्पर्धेचा नवा विक्रमही केला. आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या स्टीपलचेसचे सुवर्ण भारताला प्रथमच लाभले. तीन दिवसांनी ५००० मीटर शर्यतीत त्याने रौप्यपदकही मिळविले.

७ जुलै २०२४ रोजी पॅरिस येथील डायमंड लीग स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ९.९१ सेकंद अशी वेळ दिली. ८ मिनिटे १० सेकंदांच्या आत धावणारा तो पहिला भारतीय ठरला. महिन्याभराने त्याच शहरात ऑलिंपिक स्पर्धा झाली. या वेळी तो अंतिम फेरीत पोचला. पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये असा मान मिळविणारा तो पहिला भारतीय होय. अंतिम फेरीत ८ मिनिटे १४.१८ सेकंदांत धावून तो अकरावा आला. सुवर्णपदक मोरोक्कोच्या सुफियान एल बक्काली याने पटकाविले.

आता येथे क्षणभर थांबून थोडा विचार करा. हांगझोऊ येथे अविनाशला ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्णपदक मिळाले. पॅरिसच्या अंतिम फेरीत तो त्याहून पाच सेकंदांनी अधिक वेगाने धावला, तरी अकरावा आला. टोकियोमध्येही त्याची वेळ हांगझोऊपेक्षा सरस होती. पण तेथे तो अंतिम फेरीतही पोचला नव्हता. मग त्याची खरी मोठी धाव कोणती? सुवर्णाची, की अकराव्या क्रमांकाची?

क्रमांक हा आपल्या एकट्याच्या हाती नसतो. आपल्यासोबत कोण धावते, शर्यत कोणत्या चालीने चालते, यावर तो ठरतो. वेळेवरही चालीचा परिणाम होतोच. यूजीनला आपण ते पाहिले. पण अनेक वर्षांच्या वेळा एकापुढे एक मांडल्या, की धावणाऱ्याने किती प्रगती केली, हे स्वच्छ दिसते. म्हणून अविनाशची कारकीर्द समजून घ्यावयाची, तर त्याची पदके मोजावीत आणि त्याच्या वेळाही वाचाव्यात. २०१८ पासून २०२४ पर्यंत त्याने स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम दहा वेळा उंचावला. भुवनेश्वर, पतियाळा, दोहा येथे दोनदा, पुन्हा पतियाळा, टोकियो, तिरुवनंतपुरम, मोरोक्कोतील रबात, बर्मिंगहॅम आणि पॅरिस, अशी ती दहा पावले. कोठे एक सेकंदही कमी झाला नाही, कोठे जवळजवळ चार सेकंद कमी झाले. सारे मिळून १९.८९ सेकंद वाचले. वीस सेकंदही नाहीत, असे तुम्ही म्हणाल. पण २०१८ चा अविनाश आणि २०२४ चा अविनाश एकाच मैदानावर धावले असते, तर दुसरा शर्यत संपविताना पहिला सुमारे ११७ मीटर मागे राहिला असता. एवढी मजल मारण्यास त्याला सहा वर्षे लागली.

मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील गुमी येथे त्याने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेचे सुवर्णपदक मिळविले. ३६ वर्षांनी एका भारतीय पुरुषाने तेथे ही शर्यत जिंकली. त्यानंतर दीडच महिन्याने मोनॅको येथील शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी तो पडला. गुडघ्याला मोठी इजा झाली आणि सप्टेंबरमध्ये टोकियोला भरलेल्या जागतिक स्पर्धेला त्याला मुकावे लागले. ज्या अडथळ्यावरून तो हजारो वेळा झेपावला असेल, त्यानेच त्याला खाली आणले. या शर्यतीत कोणीही, कितीही अनुभवी असला, तरी प्रत्येक उडी नव्याने सांभाळावी लागते, हे यावरून ध्यानात येते.

महाराष्ट्रातील अविनाश हा एकटाच या वाटेने गेला, असे नाही. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली. पी. टी. उषा यांच्यानंतर, म्हणजे ३२ वर्षांनी, धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय होती. माण आणि आष्टी हे दोन्ही तालुके दुष्काळी. या मातीत पाणी थोडे. पण चिकाटीचे पीक मात्र येथे दमदार येते.

मुलांनो, तुमच्या शाळेच्या मैदानावर कदाचित आखीव धावपट्टी नसेल, पाण्याचा खड्डा तर नसेलच. पण दोन झाडांमधले अंतर मोजता येते आणि घड्याळ लावून धावता येते. आज लागलेली वेळ वहीत तारखेसह लिहून ठेवा. महिन्याभराने पुन्हा धावा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. शेजारच्या मुलाच्या पुढे जाता आले, तर आनंद आहेच. न आले, तरी कालच्या स्वतःच्या पुढे आज आपण आलो की नाही, हे वही सांगेल. अविनाश साबळेने दहा वेळा ज्याला मागे टाकले, तो बहुतेक वेळा तो स्वतःच होता.